तुपातला कॉम्प्युटर

टीव्ही खोलून, दुरुस्त करून परत बंद केला की एक स्क्रू उरतो. इतक्या वर्षांच्या धंद्यात हा स्क्रू मला कधी चुकला नाही. नवा कारागीर घाबरून सगळं पुन्हा खोलतो, मग दोन उरतात. जुना कारागीर इकडेतिकडे बघतो आणि स्क्रू खिशात टाकतो. मी जुना झालो, पण घाबरणं काही सुटलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरून निघालो की कोपरा वळेपर्यंत वाटत राहतं, आता मागून हाक येईल, आता धूर निघेल. बायको म्हणते, तुम्ही टेस्टरसुद्धा नमस्कार केल्यासारखा लावता. खोटं नाही ते.

तर असला माणूस लिहायला का बसला, त्याचं कारण मंगेश. मंगेश म्हणजे नागपूरच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या गुलाबभाऊंचा मुलगा. त्यांच्याच घराच्या आधाराने मी या मुलखात रुजलो. मंगेश आता पुण्याला कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत आहे. मागच्या दिवाळीत तो मुलीला घेऊन आला होता. नऊ वर्षांची पोर. तिचा टॅब ओट्यावरून पडला, काच तडकली, तर ती शांतपणे म्हणाली, "नवीन घेऊ ना." झालं. मंगेशने तिला समोर बसवलं.

"आमच्या वेळी अख्ख्या सौंसरात एक कॉम्प्युटर होता. आपल्या घरी. मी तो देवासारखा जपला."

मी बाजूला भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मला ठसका लागला.

"त्याच्यात किती जीबी होते?" पोरीने विचारलं.

"जीबी नाही, केबी. अठ्ठेचाळीस."

"म्हणजे किती?"

"म्हणजे तुझ्या एका फोटोतला एक कान मावला असता."

"मग तुम्ही त्याच्यावर करायचात काय?"

"बैल चालवायचो," मंगेश म्हणाला, आणि मला दुसरा ठसका लागला. तो बैल कसा चालला ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मंगेश आता बाप झाला आहे, बापाला थोडं वाढवून सांगावं लागतं हे मला मान्य आहे. पण देवासारखा जपला म्हणजे अतीच. म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवतो.

मी मूळचा मालवणकडचा. आठवीत नापास झालो आणि शाळा सुटली. कारण सांगण्यासारखं नाही, गरिबाघरची कारणं सगळीकडे सारखीच असतात. कोल्हापुरात एका रेडिओवाल्याकडे झाळणं, तारा जोडणं शिकलो. तिथून टीव्हीच्या अँटेना बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर फिरत फिरत इकडे पांढुर्ण्याला आलो. ठेकेदाराने मला घेतलं ते मी कोकणातला म्हणून. त्याला वाटलं, हा माडावर चढणारा असणार. मी जन्मात माडावर चढलो नव्हतो. मला ओट्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टीव्ही नुकते येऊ लागले होते आणि इकडे नागपूरचं चित्र पकडावं लागायचं. त्यासाठी गच्चीवर किंवा कौलांवर वीस-पंचवीस फुटी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांची शिडी, आणि ती शिडी हातभर इकडेतिकडे फिरवत बसायचं. कामाला तीन माणसं लागायची. एक वर, एक दारात, एक टीव्हीसमोर. वरचा ओरडायचा, "आलं का?" टीव्हीसमोरचा दारातल्याला सांगायचा आणि दारातला वर ओरडायचा. निरोप पोचेपर्यंत वाऱ्याने पाइप फिरलेला असायचा.

"आलं का?"

"येऊन राह्यलं!"

"आता?"

"मुंग्या येऊन राह्यल्या!"

"आणि आता?"

"आलं होतं, गेलं! तुमी हात काऊन लावला जी?"

गुलाबभाऊ हे सौंसरचे संत्र्याचे बागायतदार. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, आवाज असा की बागेत बोलले तर रस्त्यावर ऐकू जायचा. त्यांच्या घरी अँटेना बसवायला आम्ही पांढुर्ण्याहून आलो. मी पाइपच्या टोकाशी, दातांत तार, वारा सुटलेला. खालून गुलाबभाऊंनी विचारलं, "काय गा, तू इंजिनियर हाय काय?"

पाइप हलत होता. पाइपाबरोबर मी हलत होतो. माझ्याबरोबर माझी मान हलत होती. गुलाबभाऊंना तो होकार वाटला.

खाली उतरलो तर त्यांनी कपबशीत चहा दिला. महिनाभर मी गाड्यावरचा चहा पीत होतो. म्हटलं, चहा होऊ दे, मग सांगतो की मी कसला इंजिनियर. चहा संपला. मग पोहे आले.

आमची टोळी पुढच्या गावाला निघाली तेव्हा गुलाबभाऊंनी मला ठेवून घेतलं. संत्र्याच्या गोदामाशेजारी एक खोली, दोन वेळचं जेवण. विहिरीवरची मोटर बघायची आणि सौंसर, मोहगाव, रामाकोना इथले टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, "हा आमचा इंजिनियर." खरं सांगितलं तर खोली जाणार, जेवण जाणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे या माणसाचं तोंड पडणार. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. रोज वहिनी, म्हणजे गुलाबभाऊंच्या घरच्या, गरम भाकर वाढायच्या, आणि गरम भाकर खाताना कोण असलं काही सांगतो?

गुलाबभाऊंचा वस्तूंबद्दल एक कायदा होता. "वस्तूले जीव लावा. जो वस्तू नासवेल, त्यानं तिची माफी मागायची, अन् सालभर तिले हात लावायचा नाई." हे नुसतं बोलणं नव्हतं. मंगेशने पेनचं निब मोडलं तेव्हा त्याला पेनसमोर कान धरून उभं केलं होतं, आणि वर्षभर तो पोरगा शिसपेन्सिलीने लिहीत होता. वहिनींनी एकदा कुकरची शिट्टी हरवली, तर त्या कुकरसमोर "चुकलं बाप्पा" म्हणाल्या आणि मग म्हणाल्या, "आता सालभर मी याले हात नाई लावत. तुमीच लावा." कायदा कुकरपुरता त्याच संध्याकाळी रद्द झाला. मी स्वतः एका स्टुलाची माफी मागितली आहे. स्टूल माझ्यामुळे मोडलं नव्हतं, पण मी जवळ होतो.

असे बाप त्या वेळी सगळीकडेच होते. रामाकोन्याला एक मास्तर होते. त्यांच्या टीव्हीला लाकडी सरकती दारं आणि कुलूप. पोरांनी टीव्ही जास्त बघू नये म्हणून किल्ली मास्तरांच्या खिशात. एकदा ते घाईत कुलूप लावून नागपूरला गेले आणि आत टीव्ही चालू राहिला. मला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर सगळं घर बंद दारांपुढे बसून ऐकत होतं. आतून शेतीविषयक कार्यक्रम चालला होता. मला कुलूप तोडायची परवानगी नव्हती. मीही बसलो. हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते त्या दिवशी ऐकलेलं आहे.

गुलाबभाऊंचे मेहुणे आखातात होते. त्यांनी एका उन्हाळ्यात कॉम्प्युटर पाठवला. कॉम्प्युटर म्हणजे आजच्यासारखा नव्हे. वहीएवढा काळा डबा, त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. पडदा नाही, त्याला घरचा टीव्ही जोडायचा. स्मरणशक्ती म्हणाल तर वीज असेपर्यंत. वीज गेली की सगळं विसरून पुन्हा कोरा. लिहिलेलं ठेवायचं असेल तर टेपरेकॉर्डर जोडायचा आणि साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरायचं. पुन्हा हवं असलं की कॅसेट लावायची, पाच मिनिटं दाराच्या बिजागरीला यातना होतात तसा आवाज ऐकायचा, मग ते पडद्यावर यायचं. आलं तर.

गुलाबभाऊंनी डबा माझ्या हातात दिला. "घे इंजिनियर. हे तुह्या शिक्षणाचं काम."

सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं. मला इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, म्हणजे शेजारच्या गावातली माणसं चेहऱ्याने ओळखतो तशी. नावं माहीत नव्हती. मी पुस्तक उघडून गंभीर चेहऱ्याने पानं उलटत बसलो. तिसऱ्या दिवशी गुलाबभाऊंची मुलगी ज्योती शेजारी येऊन बसली. नववीत होती, चष्मा, दोन वेण्या.

हळूच म्हणाली, "काका, पुस्तक उलटं हाय."

मी सुलटं केलं.

"सांगू नको गं," मी म्हटलं. रडवेलाच झालो होतो.

"नाई सांगत. पण मग बटणं मी दाबणार. मंग्या नाई."

असा आमचा करार झाला. ज्योती वाचायची आणि टाइप करायची, मी वायरी बघायचो. मंगेश त्या वर्षी आठवीत होता. तो मागून म्हणायचा, "मले दे न, मले दे न." बाहेरून गुलाबभाऊ विचारायचे, "काय म्हणते इंजिनियर?" आणि ज्योती ओरडायची, "काका शिकवून राह्यले!" वर्षभरात त्या पोरीने मला सव्वीस अक्षरं, दोनशे शब्द आणि चेहरा न बदलता मान डोलवणं शिकवलं.

माझ्याकडूनही एक घोळ झाला. कॉम्प्युटरला थंड जागा लागते असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं, ते मी ऐटीत सांगून टाकलं. गुलाबभाऊंनी लगेच मोठा कूलर आणून खिडकीला लावला. वाळ्याची जाळी, आत पाण्याचा हौद, पंखा विमानासारखा. कॉम्प्युटर चालू असला की कूलर चालू, मग बाहेर पाऊस का असेना. ज्योती स्वेटर घालून टाइप करायची. मंगेश रजई घेऊन बसायचा. उन्हाळ्यात शेजारपाजारचे लोक "कॉम्प्युटर पाहाले" येऊन दुपारची झोप काढून जायचे. डबा दमट होऊन अधूनमधून बंद पडायचा, आणि गुलाबभाऊ म्हणायचे, "गरम झाला वाटते. कूलर वाढवा."

आता पोळ्याकडे येतो.

इकडे पोळा म्हणजे वर्षाचा सण. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, त्यावर हळद आणि कोमट तूप पळसाच्या पानाने चोळतात आणि बैलाला आमंत्रण देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, तिथे त्यांच्यावर रचलेल्या गमतीच्या ओळी म्हणतात, त्यांना झडत्या म्हणतात. आणि तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा. मुलं लाकडाचे बैल ओढत मिरवतात, घरोघर खाऊ घेतात.

त्या वर्षी गुलाबभाऊंनी ट्रॅक्टर घेतला होता आणि बैलजोडी मोहगावच्या एका शेतकऱ्याला दिली होती. गोठा रिकामा. पोळ्याच्या आठवडाभर आधी ते आम्हाला बसवून म्हणाले, "आवंदा आपल्या घरी बैल नाई. पण हा डबाही साल-दीड साल राबून राह्यला. वस्तूले जीव लावा म्हणतो मी. तान्ह्या पोळ्याले याच्यातून बैल काढा. सारं सौंसर पाहाले येईन. काय इंजिनियर, निघते न बैल?"

मान हलवायची मला सवयच झाली होती.

ज्योतीने आठ दिवस घालवून बैल केला. चौकोनी चौकोनी ठिपक्यांचा, पण शिंगं स्पष्ट. एक बटण दाबलं की पुढे चालायचा, दुसरं दाबलं की मागे यायचा. कॅसेटवर भरून ठेवला. मंगेशने वशिंड मोठं करायला लावलं, तेवढं त्याचं योगदान. गुलाबभाऊंनी बाजारात दवंडी पिटल्यासारखं सांगून ठेवलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी डबा उघडून बघायला गेलो. त्याच्यावर वहिनींनी शिवलेली झालरीची टोपी होती. टोपी काढली तर हाताला चिकट लागलं. डब्याचा मागचा काठ पिवळाधमक. बटणांच्या फटींत तूप. वास असा की जेवण आठवावं.

चालू करून पाहिला. पडद्यावर काही येईना.

मला एका क्षणात सगळं समजलं असं वाटलं. हे मंगेशचं काम. बापाने म्हटलं, डबा राबून राह्यला, आणि पोराने त्याचे खांदे शेकले. आता त्याचं नाव सांगावं तर कायद्याप्रमाणे त्याने वर्षभर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आणि ते पोर आधीच वर्षभर मागून "मले दे न" करत होतं. न सांगावं तर उद्या सगळ्या सौंसरासमोर इंजिनियरच्या हातून डबा मेला. मग लोक विचारतील, कुठून पास झालास? ओळीने सगळं उकलणार. खोली, भाकर, सगळं.

ज्योती आली, तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "काका, तुमी काई सांडलं काय?"

"मी? मंग्याने केलं असेल."

मंगेशला बोलावलं. तो म्हणाला, "आईची शप्पथ, मी नाई. ज्योतीनं केलं असन."

तिघेही एकमेकांकडे चोरासारखे बघत उभे राहिलो. तेवढ्यात दारात गुलाबभाऊ आले. आम्ही तिघांनी मिळून डब्यासमोर भिंत केली.

"सारं ठीक हाय न?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा फार बारीक होता.

"हो हो."

"डब्याले... काई त्रास नाई न?"

"नाही नाही."

"हाव," ते म्हणाले आणि जरा वेळ घुटमळून निघून गेले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, यांना संशय आला. आता संपलं.

घरचे सगळे पोळा बघायला गेले आणि मी डबा खोलला. आत प्लॅस्टिकचे दोन पातळ पापुद्रे असतात, त्यांवर चंदेरी रेघा. बटण दाबलं की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते, मशीनला कळतं. या दोन पापुद्र्यांमध्ये तूप गेलं होतं. जिलबीच्या कागदासारखे झाले होते. मी ते स्पिरिटने पुसले, कापसाने टिपले, दोरीवर वाळत घातले. बाहेरून झडत्या आणि ढोल ऐकू येत होते. कॉम्प्युटरचं पोट दोरीवर आणि मी खाली, कासावीस. संध्याकाळी जोडला. पडदा उजळला. मी डब्याला अक्षरशः नमस्कार केला. पण पुढे चालवणारं बटण काही केल्या जिवंत होईना. मागे नेणारं तेवढं चालत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठा भरला. उजेडात टीव्ही दिसत नाही म्हणून गुलाबभाऊंनीच ती जागा ठरवली होती. गव्हाणीवर टीव्ही, खाली पाटावर डबा, त्याला झेंडूचा हार, समोर लाकडी बैल घेतलेली पोरं, मागे त्यांचे बाप, दारात बाया. ज्या शेतकऱ्याला जोडी दिली होती ते म्हातारे दशरथजीही मोहगावहून आले होते, पुढेच बसले होते.

कॅसेट किंचाळली. दोन लहान पोरं रडली. आणि बैल आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. एकाने तिथेच झडती रचली,

"ना शिंगाले रंग, ना गळ्यात घंटी,
गुलाबभाऊचा बैल खाते लाइटची बत्ती!"

आणि सगळ्यांनी "हर हर महादेव" केलं.

ज्योतीने बटण दाबलं. बैल मागे सरकला. पुन्हा दाबलं. आणखी मागे.

"अबे, हा उलटा काऊन जाऊन राह्यला?"

"बुजला असन. गर्दी हाय न."

"शेपूट पिळ गा त्याची!"

"शेपूट कुठी हाय? वायर पिळ!"

बैल मागे मागे जात पडद्याच्या कडेला गेला आणि अर्धा बाहेर निघून गेला. गोठा हसत होता. एक जण म्हणाला, "चालला पाहा मोहगावले, जुन्या जोडीकडे!" गुलाबभाऊ कान लाल करून उभे. ज्योतीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

दशरथजींनी शांतपणे पान लावता लावता विचारलं, "गुलाबराव, खांदा दुखते वाटते त्याचा. शेकला नाई काय परवा?"

"शेकला!" गुलाबभाऊ गरजले. "म्या सोता शेकला! गाईचं तूप लावलं, हळद लावली, आवतन देल्लं! मी काय बैलाचा खांदा विसरीन?"

कॅसेट तेवढी फिरत होती.

"बाबा," मंगेश म्हणाला, "तुमी?"

गुलाबभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. रिकाम्या दाव्यांकडे पाहिलं. "परवा संध्याकाळी आलो इथं," ते म्हणाले. "हातात वाटी घेऊन. सवयीनं. गोठ्यात कोनी नाई. तूप तर कोमट केलं होतं. मंग... आत गेलो. हाच राबून राह्यला म्हटलं."

दशरथजींनी पान तोंडात न टाकता तसंच हातात धरलं.

मग मंगेशने घसा साफ केला. पेन मोडल्यापासून तो या दिवसाची वाट बघत असावा. "बाबा, कायदा."

बाप लेकराकडे बघत राहिला. मग ते पाटासमोर गेले, धोतर सावरलं, दोन्ही कान धरले आणि सगळ्या सौंसरासमोर डब्याला म्हणाले, "चुकलं. आता सालभर हात नाई लावत."

वहिनी दारातून म्हणाल्या, "कुकरपेक्षा सोपं हाय."

तेव्हा गोठा असा हसला की लाकडी बैल पडले. आणि त्या हसण्यात माझं काय झालं कोण जाणे. एवढा मोठा माणूस कान धरून उभा आणि मी शेजारी, सगळ्यांचा इंजिनियर. मी पुढे होऊन बोललो.

"भाऊ, मी इंजिनियर नाही. मी आठवी नापास आहे. मला इंग्रजी येत नाही. ज्योती वाचते. त्या दिवशी पाइप हलत होता म्हणून मान हलली."

कुणीतरी मागून विचारलं, "मंग तूप काढलं कोनं?"

"मी."

"खोलला कोनं, जोडला कोनं?"

"मीच. एक स्क्रू उरला आहे."

गुलाबभाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते घरात गेले. जेवायलाही बाहेर आले नाहीत.

सकाळी मी ट्रंक भरली. दोन सदरे, हत्यारं, आईचं पत्र. नागपूरची पहिली बस धरायची, पुढचं पुढे. दार उघडलं तर गुलाबभाऊ दारात, डोक्यावर टोपी.

"चाल," ते म्हणाले.

"भाऊ, मी निघतोच आहे."

"ट्रंक ठेव. चाल."

ते पुढे आणि मी मागे, शाळेपर्यंत. मला वाटलं, पोलिसांत. शाळेच्या फाटकाशी थांबले.

"खोटं बोलला तू. दोन सालं."

"हो."

"तूप म्या लावलं, म्या डब्याची माफी मागतली. तुवा काय नासवलं?"

मी खिशातला स्क्रू चाचपला.

"शिक्षण नासवलं. हे शाळा. माग माफी."

मी शाळेकडे तोंड करून कान धरले. आत प्रार्थना चालली होती, पोरं रांगेतून माना वळवून बघत होती. मग ते मला हेडमास्तरांकडे घेऊन गेले आणि आठवीचा खाजगी फॉर्म भरायला लावला. "सालभर हात लावायचा नाई हे कलम याले लागत नाई," ते हेडमास्तरांना म्हणाले. "यानं आधीच दहा सालं लावला नाई."

हिवाळाभर मी आणि मंगेश एकाच कंदिलापाशी, म्हणजे वीज असली तर एकाच बल्बपाशी बसलो. ज्योती मास्तरीण. परीक्षेला मी बाकावर मावेना, गुडघे वर घेऊन पेपर लिहिले. निकालाच्या दिवशी गुलाबभाऊ स्वतः शाळेत गेले आणि दोन कागद घेऊन आले. मंगेश गणितात नापास. मी इंग्रजीत पास, गणितात पास, आणि विज्ञानात नापास. प्रश्न विजेवर होता. मी सगळं बरोबर लिहिलं होतं, पण धंद्यातल्या शब्दांत.

मी ट्रंकेकडे बघू लागलो. तेवढ्यात ते सुरू झाले.

"तुपानं भाकर खाऊन राह्यला, दूध पिऊन राह्यला, अन् निकाल हा! लाज नाई काय? बाजारात कोनतं तोंड दाखवू मी? उद्यापासून सकाळी पाचाले उठायचं, सिनेमा बंद, हिंडनं बंद!" हे सगळं मंगेशला. अर्धा तास. मंगेश मुसमुसत होता. मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता सभ्यपणे निरोप देतील. त्यांनी श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

"तुपानं भाकर खाऊन राह्यला, दूध पिऊन राह्यला, अन् निकाल हा! लाज नाई काय?"

शब्द तेच, क्रम तोच, सिनेमा बंद, हिंडणं बंद. चोवीस वर्षांचा घोडा मी, मान खाली घालून मंगेशच्या शेजारी उभा. दोन दिवसांच्या प्रवासापलीकडे माझं घर होतं. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

गुलाबभाऊ थांबले. "हासून काऊन राह्यला बे?" ते ओरडले. "जा, हातपाय धू. जेवाले बस."